हिलालने लावलेली धार

मित्रांनो, सुरतेजवळच्या उधन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे एक भंगारवाडा आहे. तिथे फुटक्या बादल्या, वाकलेल्या सायकली आणि मोडक्या मागांचे तुकडे यांच्या ढिगात मी पडून आहे. मी गवत कापणारी एक जुनी मशीन, हाताने ढकलून चालवायची. माझा लाकडी दांडा कोणीतरी चुलीसाठी नेला. एक चाक जाम झालं आहे. मधल्या पाच वाकड्या पात्यांवर गंज चढला आहे. पण जवळ येऊन पाहिलंत तर गंजाखाली त्या पात्यांच्या कडा विळ्यासारख्या पातळ दिसतील. माझ्या जातीच्या मशीनच्या कडा अशा नसतात. त्या तशा कशा झाल्या, हीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून मी नवसारीच्या एका बंगल्यात आले आणि खूप वर्षं तिथल्या हिरवळीवर फिरले. बंगला विकला गेला तेव्हा उधन्याच्या एका कापड गिरणीने कुंड्या, झाऱ्या आणि मी असं सगळं एकत्र उचललं. गिरणीच्या ऑफिसपुढे शेठजींनी हिरवळ लावली होती. ती राखणं हे माझं काम झालं.

पुढचं सांगण्याआधी गवत कसं कापलं जातं ते सांगते. ते समजलं नाही तर हिलालची चूकही समजणार नाही.

गवताच्या उभ्या काडीला सुरी टेकवून पाहा. ती कापली जात नाही, वाकते. जोर लावला की आणखी वाकते. म्हणून काडी कापायची तर तिला कोणीतरी धरून ठेवावं लागतं. विळ्याने कापताना माणूस डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढतो. ओढताना धार काडीवरून सरकत जाते आणि सरकता सरकता चिरते. विळ्याची धार जितकी पातळ तितकी चांगली.

मला हात नाहीत. माझ्याकडे खाली, जमिनीलगत, एक पोलादी पट्टी आहे. ती हलत नाही. चाकं फिरली की आतल्या दातेरी चक्रांमुळे माझी पाती चाकांच्या कितीतरी पट वेगाने फिरतात. पातं समोरून येतं, काड्या गोळा करतं आणि त्यांना पट्टीवर दाबून तिच्या कडेवरून निघून जातं. काडीला वाकायला जागाच उरत नाही. दोन कडांमध्ये ती कातरली जाते, कापड कातरीत जातं तशी. पाती पिळदार असल्यामुळे सगळी पट्टी एकदम कापत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं कापत जाते, म्हणून जोरही थोडाच लागतो. माझ्या पात्याची कड पातळ असून काही उपयोग नाही. ती सरळ आणि चौकोनी हवी, आणि पट्टीला जेमतेम लागून जायला हवी. मध्ये कागद सुखाने मावला तर मी निकामी झाले असं समजा.

हिलाल माझ्याकडे आला १९९१ साली. अमळनेरकडचा माणूस, पन्नाशीच्या आतला, उंच आणि थोडा वाकलेला. चौदा वर्षं तो याच गिरणीत मागावर होता. मागाच्या खात्यात खडखडाट एवढा असतो की माणसं हातवारे करून बोलतात. त्या आवाजाने हिलालचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा अर्धा. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आणखी दोन-तीन वर्षं खात्यात राहिलास तर उरलेलंही जाईल. त्याने मॅनेजर मगनभाईंचे पाय धरले. नेमका तेव्हाच आधीचा माळी काम सोडून गेला होता, म्हणून हिलालला बाग मिळाली आणि कंपाउंडच्या भिंतीलगतची माळ्याची खोलीही मिळाली.

त्याची बायको धुरपदाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती खोलीच्या पायरीवर बसून भाजी निवडायची आणि त्याच्याशी बोलायची. बोलायचं झालं की उठून त्याच्या डाव्या बाजूला जायची. शेजारणी हसल्या तर म्हणायची, "मन्हा नवराले दोन कान शेतस. एक देखाले, एक आयकाले."

हिलालही हसायचा. तो हसला म्हणजे त्याला ऐकू आलं, हे तिला कळायचं. तेवढ्यासाठीच ती दिवसभर काहीबाही बोलत असावी, असं मला वाटतं.

माझी काळजी घ्यायचे भूपेंद्रभाई. ते गिरणीचे जुने फिटर होते. दर दोन-तीन महिन्यांनी ते माझ्या पात्यांना खरखरीत मलम लावत आणि पाती उलटी फिरवत. त्याने पाती आणि पट्टी एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाची होत. मग ते खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढून पट्टीवर धरत आणि पातं बोटाने हळूच फिरवत. कपटा कच्चकन कापला गेला की काम झालं.

पहिल्या वेळी त्यांनी हिलालला जवळ बसवून सगळं समजावलं. "हिलालभाई, आ दातरडुं नथी हां! ही कातर आहे, कातर. हिला दगडावर घासायची नाय. हिचा आवाज ऐकायचा. सुर्र सुर्र करते ना, तोपर्यंत बराबर. आवाज गेला तो समजो मशीन गेली."

दातरडुं म्हणजे विळा. पण ते बोलत होते तेव्हा मागे खात्याचं दार उघडं होतं आणि दोनशे माग चालू होते. हिलालने मान डोलावली. मित्रांनो, मागावर आयुष्य गेलेल्या माणसांना एक सवय लागते. ऐकू आलं नाही तरी ते मान डोलावतात. दोनदा विचारलं तर मुकादम ओरडतो, तिसऱ्यांदा विचारलं तर लोक हसतात. भूपेंद्रभाईंना वाटलं, याला समजलं. मी जवळून पाहत होते. त्याला काहीच समजलं नव्हतं.

तरी ती तीन वर्षं चांगली गेली. हिलालला माझा आवाज यायचा नाही, पण दांड्यातून माझी थरथर त्याच्या तळव्यांत जायची. सकाळी दव सुकलं की तो मला बाहेर काढायचा, कारण ओलं गवत जड होऊन आडवं पडतं आणि पट्टीवर येत नाही. हिरवळीवर एक पट्टा फिका आणि एक गडद उमटायचा. शेठजी गाडीतून उतरून क्षणभर थांबायचे. एकदा मगनभाई म्हणाले, "हिलाल, आ तो गालीचो छे!" त्या दिवशी धुरपदाबाईने शेवभाजी केली होती.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. गिरणी बंद झाली. लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले. हिलाल आणि धुरपदाबाईही अमळनेरला गेले. मी शेडमध्ये एकटी राहिले. बाहेर पावसाळ्याचं गवत वाढत होतं आणि कापायला कोणी नव्हतं.

ते महिन्याने परतले तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं. मगनभाई बागेच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "लाभपाचम को शेठ के मेहमान इधर ही बैठेंगे. लॉन बराबर नथी, तो माळी बी नथी. मेरे पास एक कॉन्ट्रॅक्टर पेट्रोलवाली मशीन लेके खड़ा है."

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, लाभपाचमीला, सुरतेचे व्यापारी नव्या वर्षाचं काम सुरू करतात. हातात महिनाही नव्हता. बाग गेली तर खोली जाणार आणि हिलाल पुन्हा खात्यात जाणार, हे मगनभाई, हिलाल आणि धुरपदाबाई, तिघांनाही माहीत होतं.

हिलालने आधी विळ्याने उंच गवत छाटलं. ते त्याला उत्तम यायचं. मग त्याने मला बाहेर काढलं. तिसऱ्याच पट्ट्यात गवतात लपलेला मागाचा एक लोखंडी तुकडा माझ्यात अडकला. दोन पात्यांना खाचा पडल्या.

भूपेंद्रभाई परतले नव्हते. प्लेगच्या भीतीने ते भावनगरला मुलीकडे गेले आणि तिथेच राहिले. दुसऱ्या कोणाला माझं काम येत नव्हतं. हिलालने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्याने गावाहून आणलेला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, काढला, मला उलटं केलं आणि पायरीवर बसला.

त्याने एकेक पातं घासलं, पाण्याचा हात देत, अगदी मन लावून. खाच जाईपर्यंत आणि कड पातळ होईपर्यंत तो घासत राहिला. विळ्याला धार लावावी तशी. माझ्या चौकोनी कडा चिखलासारख्या काळ्या पाण्यातून वाहून गेल्या. पाती पट्टीपासून दूर गेली, मध्ये जास्त आणि टोकांना कमी. मला ओरडता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी ते कोणाला ऐकू गेलं असतं?

शेवटी त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. रक्ताचा थेंब आला. तो खूश होऊन म्हणाला, "देख, कशी धार शे!"

दुसऱ्या सकाळी त्याने मला ढकललं आणि मी सहज चालले. पाती पट्टीला लागतच नव्हती, मग अडणार कशाला? पण हिलालला वाटलं, धार चांगली लागली म्हणून मशीन हलकी झाली.

पायरीवर धुरपदाबाई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. ती उठून त्याच्या डाव्या बाजूला आली.

"ओ, आयका ना! हिना आवाज बदली गया. ती सुर्र सुर्र करेच ना, ते बंद पडी गयं."

"काय?"

"आवाज! हिना आवाज गया!"

या वेळी त्याला ऐकू आलं. पण तो हसला. "तू माले शिकाडस का? धार लावामा मन्ही उमर गयी. मेथी निवड तुन्ही."

ती परत जाऊन बसली. मेथी निवडू लागली. मित्रांनो, भूपेंद्रभाईंनी सांगितलेली गोष्ट तिला कोणीच सांगितली नव्हती. तिने ती आपल्या कानांनी ओळखली होती.

मी कापत नव्हते, चावत होते. पातं काड्यांना पट्टीवर आणायचं, पण त्या फटीत दुमडून आत जायच्या आणि ओढून तुटायच्या. काही न तुटता परत उभ्या राहायच्या. हिलाल त्याच पट्ट्यावरून दोनदा, तीनदा फिरला. कातरलेल्या काडीची जखम सरळ असते, ती लवकर भरते. तुटलेल्या काडीच्या टोकाच्या चिंध्या होतात आणि त्या उन्हात वाळतात. तीन दिवसांत हिरवळीची टोकं पांढरी पडली. लाभपाचमीला दोन दिवस उरले तेव्हा सगळी हिरवळ कोणी तव्यावर भाजल्यासारखी दिसत होती.

मगनभाई आले. "हिलाल, आ लॉन छे के बकरी चरी गई?"

हिलालने मान डोलावली. प्रश्न त्याला नीट ऐकू आला नव्हता.

दुपारी कॉन्ट्रॅक्टरची मशीन आली. ती काडीला धरत नाही. तिचं पातं इतक्या वेगाने फिरतं की काडीला वाकायला वेळच मिळत नाही. ती जागच्या जागी उडते. त्यासाठी ना पट्टी लागते, ना कागद, ना आवाज ओळखणारा माणूस. पेट्रोल घातलं की झालं. तासाभरात कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी पांढरी टोकं उडवून टाकली. हिरवळ पुन्हा हिरवी दिसू लागली.

हिलाल भिंतीला टेकून ते पाहत होता. अचानक त्याला काहीतरी आठवलं असावं. तो खोलीत गेला आणि वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आला. भूपेंद्रभाई धरत तसाच त्याने तो माझ्या पट्टीवर धरला आणि पातं फिरवलं. कागद कापला गेला नाही. दुमडला आणि आत गेला. त्याने दुसऱ्या पात्यावर पाहिलं, मग तिसऱ्यावर. पाचही पात्यांवर तेच झालं.

त्याने तो दुमडलेला कागद ओढून बाहेर काढला. मग म्हणाला, "मीच इले मारी टाकं."

धुरपदाबाई त्याच्या डाव्या बाजूला आली. "तुमी चांगलंच कराले गयात," ती म्हणाली. आवाज बदलल्याची आठवण तिने करून दिली नाही.

घासून गेलेलं लोखंड परत लावता येत नाही. दिवाळीचे दिवे उतरवायच्या आत त्यांनी खोली सोडली. हिलालला जवळच्या भेस्तानला एका खात्यात काम मिळालं, मागावरच. मी गिरणीच्या शेडमध्ये पडून राहिले आणि मग एके दिवशी हातगाडीवरून या भंगारवाड्यात आले.

त्यानंतर ती दोघं मला एकदाच दिसली, १९९७ च्या उन्हाळ्यात. स्टोव्हची टाकी शोधायला ती इथे आली होती. धुरपदाबाईने मला ओळखलं. ती खाली वाकली आणि तिने माझं पातं बोटाने फिरवलं. ते कशालाही न लागता फिरलं. काहीच आवाज झाला नाही.

"ओ!" तिने हाक मारली. "ओ, देखा ना, आपली मशीन!"

हिलाल दहा पावलांवर होता. ती उठून त्याच्या डाव्या बाजूला गेली, कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा तेच बोलली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग तो दुसऱ्या ढिगाकडे निघून गेला. तो हसला नाही.

ती तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, प्रेमाने काळजी घ्या, असं तुम्हाला नेहमी सांगतात. हिलालने माझी काळजी प्रेमानेच घेतली होती. म्हणून मी तुम्हाला थोडं वेगळं सांगते. कोणत्याही वस्तूला धार लावण्याआधी ती कशी कापते ते विचारा. आणि तुम्ही कोणाला काही समजावलंत, आणि त्याने नुसती मान डोलावली, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. आणखी एकदा, त्याला ऐकू येणाऱ्या बाजूला बसून, सांगा. माझ्या वेळी ते कोणी केलं नाही. आता माझी पाती वितळवायला जातील, आणि धुरपदाबाईचं दिवसभराचं बोलणं ऐकणारा कान उरलेला नाही.