क्लेमची गाठ

पियानोच्या खोलीत शिरल्या शिरल्या हायडी ट्रिझाइजने एसी बंद केला आणि लाल टेकड्यांकडची दारं सताड उघडली.

"अगं, तुझ्यासाठी सकाळपासून गार करून ठेवलंय!" रिसॉर्ट सांभाळणारी लॉर्ना दारातूनच ओरडली.

"रात्री जेवणाला ही दारं उघडीच असणार ना? मग पियानोला आत्तापासून त्याच हवेत बसू दे. गारठ्यात सूर लावले तर पाहुणे येईस्तोवर सगळे पळालेले असतील."

"क्लेमची लेक शोभतेस. तोही आला की आधी मला झापायचा, मग चहा मागायचा."

"मीही चहा मागणारच होते."

क्लेम म्हणजे हायडीचे बाबा. दरवर्षी ॲडलेडहून ते या पियानोसाठी इथवर येत. एप्रिलमध्ये ते गेले. यंदा त्यांच्या हत्यारांची पेटी घेऊन हायडी आली होती. शहरातले कितीतरी पियानो तिच्या हाताखालून गेले होते. कामाची तिला धास्ती नव्हती.

झाकण उचललं आणि खर्जातल्या एका जाड तारेवर तिची नजर अडकली. तार कधीतरी तुटली होती आणि बाबांनी तिला नवा तुकडा गाठ मारून जोडला होता. त्यांची गाठ तिने कुठेही ओळखली असती. ते डावखुरे होते, त्यांचा वेढा उलटा पडे. या गाठीला ताण नको म्हणून त्यांनी सगळाच पियानो सुरात थोडा खाली उतरवून ठेवलेला दिसत होता.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन लॉर्ना आली. तिच्यामागे गळ्यात अकॉर्डियन अडकवलेला ओरेस्ते. आज रात्री तो आणि लॉर्ना मिळून वाजवणार होते. त्याने एक स्वर धरला, हायडीने पियानोवर तोच दाबला. लॉर्नाने कान झाकले.

"माझा हा वर-खाली होत नाही, पोरी," ओरेस्ते म्हणाला. "यालाच वर यावं लागेल."

"आणि नाही आला तर?"

"तर लॉर्ना वाजवेल आणि मी ताटं वाढीन."

"वाढशील कसला? अर्धं वाटेतच खाशील," लॉर्ना म्हणाली.

पियानो म्हातारा आहे, एवढा ताण सोसणार नाही, असं हायडीने नुसतं म्हटलं असतं तरी कोणी वाद घातला नसता. गाठ राहिली असती. बाबांनी जोडलेलं, अजून वाजणारं असं दुसरं काही तिच्या माहितीत नव्हतं.

तिने चहा संपवला आणि तारा चढवायची किल्ली हातात घेतली.

ती तार तिने अगदी शेवटाला ठेवली. बाकीच्या चढल्या, एकदा, मग पुन्हा एकदा. ऊन टेकड्यांवर तिरपं झालं तेव्हा तिने हिला हात घातला. किल्ली जराशी फिरवली, थांबली, आणखी जराशी फिरवली. फाट् करून आवाज झाला. गाठ सुटली होती.

"अरे देवा," लॉर्ना म्हणाली. "तो स्वर नसेल तर माझा डावा हात लंगडाच."

"असेल."

हायडीने बाबांचा वेढा कापून काढला, पेटीतून नवा तुकडा घेतला आणि तारेचं टोक चिमट्यात धरलं. लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांच्या समोर बसून, आरशात बघितल्यासारखं, ती हे शिकली होती. त्यांच्या शेजारी बसून तिला कधी जमलंच नाही. वेढा घातला, ओढला, घट्ट केला.

लॉर्ना वाकून बघत होती. "हुबेहूब क्लेमसारखी."

"नाही. बाबांची डावीकडून यायची. ही उजवीकडून येते."

हायडीने तार चढवली. ती थोडी सैलावली, तिने पुन्हा चढवली. नवा तुकडा जेवणाच्या वेळेपर्यंत सैलावत राहणार होता. पुन्हा पुन्हा चढवायला हायडी इथेच होती. ओरेस्तेने स्वर धरला. लॉर्नाने भीत भीत पट्टीवर बोट टेकवलं.

"असं नाही," हायडी म्हणाली. "जोरात मार."