एमिलने दिलेला दाखला

माणूस गाडी बघायला आला आणि गाडीकडे त्याने धड बघितलंही नाही, हे लोरीन ह्रुश्काला आधी खटकलं. आजवर जो कोणी ह्या गॅरेजात आला, तो दारातच थबकायचा. अडुसष्ट सालची हिरवी शेवरले, पुढे चकचकीत क्रोम, आत अजून जुन्या सीटचा तो उबदार वास. लोक हसायचे, आपल्या बापाच्या गाडीची गोष्ट सांगायचे. हा मिझुरीहून आलेला ट्रिम्बल मात्र सरळ गुडघ्यावर बसला, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवू लागला.

"पत्र्यात कुठे पुट्टी भरलीय का ते शोधतोय, पुट्टीला चुंबक चिकटत नाही," माइलो तिच्या कानाशी म्हणाला. माइलो तिचा दीर. तिचा नवरा एमिल फेब्रुवारीत गेला, तेव्हापासून कोणी गाडी बघायला आलं की हा स्टूल घेऊन गॅरेजात बसायचा.

"शोधू दे. कोलाची खाल्ली का त्याने?"

"नको म्हणाला."

लोरीनने ओठ दुमडले. सकाळी भाजलेली, जर्दाळू भरलेली कोलाची नको म्हणणारा माणूस विल्बर गावात आजवर आला नव्हता. एकटी बाई बघून लुबाडायला आलाय, असं तिच्या मनाने घेतलं. गाडी जायची तर जाईल, पण एमिलच्या गाडीत कोणी फसवाफसवी केली, असं व्हायला नको. एमिल बावीस वर्षं जुन्या गाड्यांच्या क्लबात इंजिनांवरचे आकडे तपासून दाखले देत होता. त्याचा शब्द तीन परगण्यांत चालायचा. मागे उरलं होतं ते तेवढंच.

ट्रिम्बलने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्यावरचं तेल पुसलं, आरसा आणि टॉर्च घेऊन वाकला. "काचेखालच्या पट्टीवरचे शेवटचे सहा आकडे वाचता का, साहेब?"

माइलोने वाचले. जरा हळूच वाचले.

ट्रिम्बल सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "मिसेस ह्रुश्का, जाहिरातीत लिहिलंय त्यापेक्षा दहा हजार जास्त देतो. आजच."

"जास्त? का बरं?"

"पट्टीवरचे आणि इंजिनावरचे आकडे जुळतात. म्हणजे कारखान्यातून ह्या गाडीबरोबर आलेलं पहिलंच इंजिन. शौकीन लोक त्याच्यासाठीच जीव टाकतात."

"पहिलंच?" लोरीन म्हणाली.

त्र्याहत्तरचा ऑगस्ट. डेन्व्हरची वाट, मांडीवर दोन वर्षांची लेक जून, आणि पाण्याच्या गरमीचा काटा लाल रेघेच्या पार गेलेला. ती सांगत होती, एमिल, थांब. एमिल म्हणत होता, पुढच्या गावी थांबू. एका पोराच्या गाडीने त्याला मागे टाकलं होतं ना! ओगालालाच्या अलीकडे इंजिन जे बसलं ते कायमचं. पाच दिवस मोटेलात काढले, रोज टोमॅटोचं सूप. नॉर्थ प्लॅटच्या भंगारातून दुसरं इंजिन आलं तेव्हा जूनच्या अंगावर घामोळं उठलं होतं. हे ती कशी विसरेल?

तिने माइलोकडे पाहिलं. माइलो आपल्या बुटांकडे बघत होता.

"माइलो, कॉफी करायला चल."

"तुला कॉफीला माणूस कधीपासून लागायला लागला?"

"आजपासून. चल."

स्वयंपाकघरात तिने कॉफीला हातही लावला नाही. "आकडे कसे जुळले?"

"लोरीन, आता तो गेलाय..."

"म्हणूनच तुला विचारतेय. त्याला विचारता आलं असतं तर तुझी गरज नव्हती."

माइलो खुर्चीत बसला. "एकोणनव्वद साल. क्लबाने त्याला आकडे वाचायचं काम दिलं. तो म्हणाला, दुसऱ्यांच्या गाड्या तपासणार मी, आणि माझीच गाडी पोटात दुसऱ्याचं काळीज घेऊन फिरणार? जुने आकडे घासले, नवे ठोकले. मी दिवा धरला."

"आणि क्लबाचा दाखला?"

"आकडे वाचणारा तोच. स्वतःच्या गाडीचा दाखलाही त्यानेच लिहिला. एमिलवर कोण शंका घेणार?"

मी तरी कुठे घेतली, लोरीनला वाटलं. गॅरेजातली ठोकाठोक तिने ऐकली असणार. पक्ष्यांची घरटी करतोय, असं तो म्हणाला होता. त्या वर्षी एकही घरटं बाहेर आलं नाही, हे तिला आत्ता, इतक्या वर्षांनी, आठवलं.

ती गॅरेजात परतली. "मिस्टर ट्रिम्बल, इंजिन पहिलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत बदललंय. आकडे माझ्या नवऱ्याने ठोकलेत."

तो चमकेल, चिडेल, निदान किंमत पाडेल, असं तिला वाटलं. तो हसला.

"ठाऊक आहे मला. तीनचा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल बसलाय."

"मग दहा हजार कशाचे?"

"दाखल्याचे. त्यावर एमिल ह्रुश्काची सही आहे ना? ती सही बघितल्यावर पुढचा माणूस बॉनेट उघडतसुद्धा नाही. तुम्ही काही खोटं बोलायचं नाही. फक्त कागद द्यायचा."

लोरीन आत जाऊन दाखला घेऊन आली. भिंतीला टेकवून तिने त्यावर सहीच्या खालीच पेनाने सावकाश लिहिलं: इंजिन दुसरं, ऑगस्ट १९७३, ओगालाला. आकडे एमिलने स्वतः ठोकले. मी गाडीत होते. लोरीन ह्रुश्का.

"हा घ्या कागद. देता दहा हजार?"

ट्रिम्बलने वाचलं. चुंबक रुमालात गुंडाळलं. "बाई, तुम्ही नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरलंत," म्हणाला आणि निघून गेला.

माइलो दारात उभा होता. "बोलला ते खोटं नाही. शनिवारी क्लबात काय तोंड दाखवायचं?"

"जे आहे ते. मी ते लपवलं असतं तर माझं तोंडही दाखवण्यासारखं राहिलं नसतं."

तिने वर्तमानपत्राला फोन लावला आणि नवी जाहिरात सांगितली. आकडे मालकाने ठोकलेले, इथवर आली तेव्हा माइलोने हात हलवला. "आधीच्या मालकाने, असं म्हण ना!"

"आधीचा कोण? कोरी घेतली होती आपण. तूच रिबीन बांधली होतीस."

फोन ठेवून ती एमिलच्या टेबलाशी बसली. बावीस वर्षांच्या दाखल्यांच्या नकला त्याने सालवार लावून ठेवल्या होत्या. तिने चष्मा पुसला, एकोणनव्वदचा गठ्ठा सोडला आणि पहिलं नाव वाचलं.

"माइलो," ती म्हणाली, "इकडे ये. ह्यातल्या किती गाड्यांच्या वेळी तू दिवा धरला होतास?"