पुंडलिकरावांचा पेला

वडनेरला पुंडलिकरावांचं किराण्याचं दुकान चालत होतं, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या बायकोचा, अनुसयाबाईंचा, गळा सुजला होता. दोन माणसांचं जेवूनही अंग वाळत होतं, डोळे बाहेर आले होते. हात असे कापत, की कपबशीचा आवाज आला म्हणजे दुकानातल्या गिऱ्हाइकाला कळे, आतून चहा येतो आहे. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "यांचं काळीज हे वर्ष काढणार नाही. मुंबईला न्या, तिथं यावर औषध आहे."

पुंडलिकराव नेत नव्हते. कारण मुंबईच्या त्या औषधाची खबर गावात पहिल्यांदा पंचफुलानं आणली होती.

पंचफुलालाही हाच आजार. तिचा मुलगा प्रेमदास मुंबईला रेल्वेत होता, त्यानं आईला नेलं. इस्पितळात तिला किरणोत्सारी औषध, म्हणजे गावाच्या भाषेत ॲटमचं पाणी, पाजलं. तीन-चार महिन्यांत तिच्या अंगावर मांस चढलं, हातांची थरथर थांबली. तिच्या मोहल्ल्यातली माणसं दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. पुंडलिकराव मात्र तिला अजून पायरीखाली उभं करून, वरूनच मीठ टाकत. आता तर त्यांना शास्त्राचा आधार मिळाला.

"तिच्या आंगात ॲटम हाये. पायरीवरच फुटली तं?"

अनुसयाबाई भाजी निवडत होत्या. "फुटली कुठं? चांगली धडधाकट झाली ते. अन् मी इथं मरून राह्यली."

"अवं, पन तिथं साऱ्याईले एकाच गिलासानं पाजते. तिनं तोंड लावलेला गिलास तू तोंडाले लावशीन?"

आपलं मरण कुठं अडलं आहे, ते अनुसयाबाईंना तेव्हा कळलं. त्या उठल्या, देवघरातला चांदीचा पेला काढला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

"हा घ्या. आता तं चाला!"

मुंबईपर्यंत पुंडलिकरावांनी पेला पोटाशी धरला. इस्पितळात तीनदा धुऊन स्वतः टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी लांब चिमट्यानं बाटली धरून पेल्यात औषध ओतलं. अनुसयाबाईंनी डोळे मिटून ते पिऊन टाकलं. ना कडू, ना तिखट. निव्वळ नळाचं पाणी.

पुंडलिकराव पेला उचलायला गेले, तसा डॉक्टरांनी त्यांचा हात अडवला आणि एक यंत्र पेल्याजवळ नेलं. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडू लागलं.

"पेला इथंच राहील. शिशाच्या पेटीत."

"काऊन?"

"विटाळला, असं समजा."

"गंगाजलानं धुतला तं?"

"तरी तीन महिने. दर आठ दिवसांनी यातला ॲटम निम्मा होतो. मग या आणि न्या."

निघताना डॉक्टरांनी बजावलं, की आठ दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका, भांडी वेगळी ठेवा. पुंडलिकरावांनी हिशेबाला धोका नको म्हणून महिना केला. घरी आल्यावर अनुसयाबाईंची खाट पायरीलगतच्या ओट्यावर पडली. पुंडलिकराव भाकर दुरून टाकत आणि पाण्याचा तांब्या काठीनं पुढं सरकवत. गावातली माणसं त्यांच्या ओट्यासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरू लागली. विसाव्या दिवशी तांब्या सरकता सरकता कलंडला, आणि पुंडलिकराव दुसरा द्यायचं विसरले.

दुपारी पंचफुला मीठ घ्यायला आली. अनुसयाबाईंचे कोरडे ओठ पाहून ती सरळ पायरीवर येऊन बसली.

"नोको बसू व, ॲटम हाये माह्या आंगात."

"माह्या आंगातही होता, बाई. आठ दिवसात आर्धा गेला, मंग आर्ध्याचा आर्धा. तुमच्या मालकाचा तं जनमापासून जाऊन नाई राह्यला!"

अनुसयाबाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"पानी दे व."

पंचफुलानं कलंडलेला तांब्या उचलला, ओट्यावरच्या, आता अनुसयाबाईंनाही शिवायची मनाई असलेल्या रांजणातून भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. अनुसयाबाई घटाघटा प्यायल्या.

पुंडलिकरावांनी गल्ल्यावरून सारं पाहिलं. ते उठले, ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, दोन पावलं पुढंही आले.

मग तिथंच थांबले. त्या दोघींना अडवायचं तर जवळ जावं लागलं असतं.