कार्डावरचा माणूस

“आता झालं ना पाठ? नाहीतर बाई हाक मारतील आणि तू बसशील बावळटासारखा.”

“झालं रे बाबा. तुझं नाव म्हणजे काय देवाचं नाव लागून गेलं, जप करायला?”

हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीसमोर दोन म्हातारे एकमेकांना चिकटून बसले होते आणि कुजबुजत भांडत होते. त्यातला एक पोट दाबून वाकलेला. तो पाट्या रंगवायचा, म्हणून सगळ्या वस्तीचा पेंटर. दुसरा धुलाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. पेंटर त्याला बॉयलरच म्हणायचा, आपणही तेच म्हणू. दोघांच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत. बॉयलरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पेंटर लग्नाच्या भानगडीत कधी पडलाच नव्हता. ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा कमी, त्याच्या खोलीत दोघांचं जेवण, आणि तोंडी लावायला भांडण.

बॉयलरकडे कंपनीनं दिलेलं विम्याचं कार्ड होतं. पेंटरला ना मालक, ना पगार, मग कार्ड देणार कोण? खासगी विमेवाल्यानं तर वय ऐकूनच फोन ठेवला होता. पूर्वी याच जागी सरकारी दवाखाना होता. कोणीही उठून जायचं, रांगेत उभं राहायचं, डॉक्टरची बोलणी खाऊन औषध घेऊन यायचं. तो दवाखाना विकला गेला आणि हे काचेचं हॉस्पिटल उभं राहिलं. इथं पहिला प्रश्न कार्डाचा. पोटात काय होतंय, ते मागाहून.

म्हणून पेंटरनं दुखणं अंगावर काढलं. सोडा पिऊन बघितला, एक वेळचं जेवण सोडून बघितलं. अखेर एका दुपारी भिंत ठोकल्याचा आवाज आला. बॉयलर धावत गेला, तर पेंटर जमिनीवर आडवा. बॉयलरनं आपल्या ट्रंकेतून कार्ड काढलं. त्यावरचा फोटो इतका जुना आणि पुसट होता की दोघांपैकी कोणीही खपून गेलं असतं.

“खोटेपणा आहे हा,” पेंटर कण्हत म्हणाला होता.

“आहे. मग खरं वागून मरतोस का?”

तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी बॉयलरचं नाव पुकारलं आणि बॉयलर सवयीनं ताडकन उभा राहिला. पेंटरनं त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठला.

“शेजारी आहेत माझे,” तो बाईंना म्हणाला. “मला आधार द्यायला उठले.”

बाईंनी मान वर करून पाहिलंही नाही. कार्ड चाललं, एवढं त्यांना पुरे होतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण मनानं चांगल्या. तपासणीचे रिपोर्ट बघून त्या पेंटरवर खरोखरच चिडल्या.

“आजोबा, तुमचा कंपनीचा विमा आहे. एक पैसा भरायचा नव्हता तुम्हाला. मग इतके महिने थांबलात कशासाठी?”

पेंटरनं बॉयलरकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या खोलीत ते बोलायची सोय नव्हती.

ऑपरेशन झालं. आता कंपनीच्या लेखी बॉयलर आजारी, त्यामुळे त्याला कामावर जाता येईना. मुकादम भेटायला येतो म्हणाला, तेव्हा ‘आत कोणाला सोडत नाहीत’ म्हणून त्यानं वेळ मारून नेली. दिवसभर तो खाटेजवळच्या स्टुलावर बसून असायचा. नर्स त्याचं नाव घेऊन पेंटरला उठवायची, गोळी द्यायची, उशी सारखी करायची. बायको गेल्यापासून ते नाव इतक्या मायेनं कोणी घेतलं नव्हतं. आता कोणी घेत होतं, तर ते भलत्याच माणसासाठी. त्याला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग टाके पिकले, ताप चढला आणि उतरायचं नाव घेईना. “फार उशिरा आणलंत हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्या चिडल्या नाहीत.

त्या संध्याकाळी पेंटरनं त्याचा हात धरला.

“बॉयलर, एकदा पेंटर म्हण ना रे. इथं सगळे मला तूच समजतात. माझाच घोटाळा व्हायला लागलाय.”

पलीकडे नर्स सलाइन बदलत होती. बॉयलरच्या अगदी ओठांवर शब्द आला, तोच ती वळली. बॉयलर वाकला, पेंटरच्या कपाळावर हात ठेवला आणि स्वतःचंच नाव घेऊन म्हणाला, “झोप आता.”

पेंटर रुसला की बोलायचा नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि डोळे मिटले.

सकाळी बॉयलर आला तेव्हा खाट रिकामी होती.

कार्यालयातल्या कारकुनानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. “विम्यातून सगळं भागलंय, काका. तुम्हाला काही बघायचं नाही. ओळख पटली म्हणून सही करा फक्त, आणि घेऊन जा त्यांना.”

बॉयलरनं पेन हातात घेतलं. सही केली की बॉयलर मेला. मग पेंटर मेलासुद्धा नाही, नुसता नाहीसा झाला. आणि नाही केली, तर नोकरी जाणार, ऑपरेशनचा खर्च बोकांडी बसणार, कदाचित पोलीससुद्धा. त्याला भीती वाटली.

“हा तो नाही,” तो म्हणाला. “कार्डावरचा माणूस मी आहे. हा पेंटर.”

आणि त्यानं पेंटरचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, लिहून घेता येईल असं.

कारकून खुर्चीतून उठला. मग दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, “अहो काका, वेडे का तुम्ही? सही करून सुटला असतात. आता मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. मी सुटलो असतो हो. पण हा कुठं गेला असता?”

कंपनीचा माणूस येईपर्यंत त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. जेवणाची वेळ टळून गेली, तरी आज त्याच्याशी त्यावरून भांडायला कोणी नव्हतं. थोड्या वेळानं शवागाराकडून वॉर्डबॉय आला. त्याच्या हातात रुग्णाच्या मनगटाला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी होती, कात्रीनं कापलेली.

“चुकीची आहे म्हणाले, काढून टाक. तुमचं नाव आहे ना हे? म्हटलं, विचारावं.”

“माझंच आहे,” बॉयलर म्हणाला.

वॉर्डबॉय गेल्यावर त्यानं ती पट्टी आपल्या मनगटाला लावून पाहिली. टोकं जुळेनात. पेंटरचं मनगट फारच बारीक झालं होतं.