काळ्या घोड्याची वाट

ओनेझिम म्हाताऱ्याने मरायचं ठरवलं, आणि त्याच्या सुनेला, ओदीलला, ते मुळीच पटलं नाही.

त्याला झालं काहीच नव्हतं. शेजारच्या बार्नाबेची शवपेटी पेर्शेरॉन जातीच्या काळ्याभोर घोड्याने ओढली आणि सगळा गाव बघत राहिला. बार्नाबेकडे जिवंतपणी कुणी इतकं बघितलं नव्हतं. ओनेझिमच्या तबेल्यात मात्र जन्मभर करडेच घोडे. घरी येऊन त्याने कोट खुंटीला टांगला.

"मिराबेल घोडी व्यायला आलीय," तो म्हणाला. "काळं शिंगरू झालं, की ते गाडीला जुंपण्याजोगं होऊ दे. मग मी निघतो."

"कुठे?"

"बार्नाबेकडे."

ओदीलला आईबाप नव्हते. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा हसून बोलला तो हा म्हाताराच. नवरा, फेर्नां, तेव्हा नांगर दुरुस्त करत होता. अजूनही करतोय.

शिंगरू झालं ते शाईसारखं काळं. म्हातारा पलंगावर आडवा झाला आणि आपल्याला कुठली टोपी घालून पुरायचं ते सांगू लागला. ओदीलने शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं होतं. त्याला तिकडे, पेर्श प्रांतात, चष्मा म्हणतात. चष्मेवालं शिंगरू आज कितीही काळं दिसो, पुढे करडं होणार, हे पेर्शातलं शेंबडं पोरही सांगेल. ओदीलने मिराबेलच्या कपाळाचा मुका घेतला.

दोन वर्षांत त्या शिंगराचा पावसाळी ढगासारखा घोडा झाला, पुठ्ठ्यावर गोल गोल ठिपके.

"असल्याच्या मागे मी नाही जाणार," म्हणत म्हातारा उठला आणि मिराबेलला पुन्हा पलीकडच्या गावातल्या काळ्या घोड्याकडे घेऊन गेला. चालत. पुन्हा काळं शिंगरू, पुन्हा चष्मा. मिराबेलच्या पोटी आजवर काळा राहणारा घोडा एकही निपजला नव्हता. जन्म घोड्यांत काढलेल्या म्हाताऱ्याला दुसरी घोडी घ्यावी हे काही सुचत नव्हतं.

फेर्नांला मात्र सुचायला लागलं.

"बाबा, एखादा तांबडा आर्देन जातीचा घोडा बघू का? बैलासारखा रुंद असतो, पायांना केसांची झालर..."

"तांबडा? झालरवाला? मला पुरतोयस की माझं लग्न लावतोयस?"

म्हणून फेर्नां एका दुपारी सात वर्षांचा काळा ठिक्कर पेर्शेरॉन घेऊन आला. खुरं ताटाएवढी, पायांना झालरीचं नाव नाही, आणि स्वभाव असा की पाठीवर कोंबडी येऊन बसली तरी तो मान वळवून चौकशी करणार नाही. गाडीला तर तो कधीचाच सरावलेला.

"बाबांची इच्छा पुरी झाली," फेर्नां खूश होऊन म्हणाला. "झोपून उठले की दाखवू."

ओदीलने घोड्याच्या डोळ्यांभोवती निरखून बघितलं; एकही पांढरा केस नाही. या घोड्याला खोट नव्हती. म्हातारा शब्दाचा पक्का होता. हट्टाने जगला तसा हट्टाने मरायलाही कमी करणार नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्यात दोन बोटं बुडवली आणि गुपचूप तबेल्यात शिरली.

म्हातारा आला. त्याने घोड्याचे दात बघितले, खुरं उचलून बघितली, पाठीवर थाप मारली. "काळा आहे," तो हळूच म्हणाला. मग तोंडापाशी आला आणि थांबला. घोड्याच्या डोळ्याखालून त्याने अंगठा फिरवला. अंगठा चाटला. ओदीलकडे बघितलं. ओदील छताची तुळई बघत होती.

"चष्मा आहे याला."

"बाबा! सात वर्षांचा आहे तो. आता काय करडा होणार?"

"काहींचं उशिरा असतं. मी नव्हतो पन्नाशीपर्यंत काळा?"

"पण..."

"याला नांगराला लाव. दुरुस्त झाला असेल तर." म्हातारा दाराशी जाऊन वळला. "आणि पोरी, पीठ उरलं असेल तर सफरचंदाचा केक कर. उद्या मिराबेलला काळ्या घोड्याकडे न्यायचंय. खाऊनच निघतो."