तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

मी एक जुनी लिफ्ट आहे. आठ महिने झाले, दाराला सील लावून मला चौथ्या मजल्यावर उभं केलं आहे. मित्रांनो, तुम्ही जिन्याने जाताना माझ्यासमोरून पळत सुटता. माझ्यात भूत आहे, असं तुम्ही एकमेकांना सांगता. भूत नाही. काय झालं ते मी सांगते.

एका कारखान्यात पत्रे वाकवून माझं अंग घडवलं. पोलादी दोर लावले, आरसा बसवला. शेवटी एका कामगाराने पिवळं बटण जोडून दाबलं आणि घंटा खणखणली. "चला, हिला वाचा फुटली," तो म्हणाला.

एकवीस वर्षं मी या इमारतीत चढले-उतरले. कपाटं नेली, दवाखान्यातून आलेली बाळं नेली, गुडघे धरून चालणारी माणसं नेली. दर महिन्याला माझा मेकॅनिक यायचा. त्याचे हात कायम काळे, म्हणून मुलं त्याला ग्रीसकाका म्हणायची. तो सगळ्यात आधी घंटा वाजवून बघायचा.

पुढे मुलांना घंटेचा खेळ सापडला. दाबायची आणि पळायचं. लोक वैतागले. तळमजल्यावर, माझ्या दारातच मीटिंग भरली.

"घंटेची वायर काढून टाका," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, आतला माणूस मुका होईल. मी नाही काढणार," ग्रीसकाका म्हणाला.

"मग तुम्ही येऊच नका. तुमच्यावाचून काही अडत नाही."

वायर काढायला ज्यांची संमती आहे, त्यांना सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. बहुतेकांनी केले. चौथ्या मजल्यावर पुस्तकं बांधणारे बाइंडरकाका राहतात, त्यांनीही केला. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दुपारी जरा डोळा लागला की घंटा वाजायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने वायर उपटली. सहा महिने मला कोणा मेकॅनिकचा हात लागला नाही.

मग एका दुपारी काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. तिसरा मजला गेला आणि मला झटका बसला. मी थांबले ती थांबलेच. काकूंनी पिवळं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्या दार ठोकू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर सुताराचं काम चाललं होतं. लोकांना वाटलं, तोच ठोकतोय. दीड तास त्या ठोकत होत्या. मी त्यांच्याभोवती होते आणि मला काही करता येत नव्हतं.

पाचला बाइंडरकाका कामावरून आले. लिफ्ट येत नाही म्हणून कुरकुरत जिना चढले आणि तिसऱ्या मजल्यावर थबकले.

"अगं, तू आहेस का आत?"

"नाही, मी बाजारात आहे! किती वेळ ठोकतेय. या बिल्डिंगीत एकाला ऐकू येईल तर शपथ."

"दम लागलाय का?"

"थोडासा. अहो, गोळ्या वरच राहिल्या. फ्रिजवर."

ते धावत वर गेले, गोळ्या घेऊन आले. शेजाऱ्यांनी जोर लावल्यावर बाहेरचं दार चार बोटं सरकलं. माझा तळ त्यांच्या डोक्याच्या वर होता. काकांनी पुठ्ठ्याची लांब पट्टी दुमडली, टोकाला गोळी ठेवली आणि हात वर ताणला. माझ्या दाराच्या फटीतून काकूंची बोटं दिसत होती. गोळी घरंगळली आणि खाली खड्ड्यात पडली. दुसरीही पडली. पाकिटात चार होत्या. चौथी काकूंच्या नखाला लागली आणि पडली.

"राहू दे हो," काकू म्हणाल्या. "हात भरून येईल तुमचा."

अग्निशमन दल आलं. त्यांची प्रमुख एक ठेंगणी बाई होती. "दार सोडा! ओढू नका. लिफ्ट हलली तर मधे आलेला माणूस जाईल. वरच्या मशीनच्या खोलीची किल्ली कुठे आहे?"

किल्ली सेक्रेटरींच्या खिशात होती, आणि सेक्रेटरी बाहेरगावी. कुलूप फोडावं लागलं. मग वीज बंद करून दोघांनी माझं चाक हाताने फिरवायला घेतलं. चाक कोरडं होतं. एका वेढ्याला मी बोटभर वर सरकत होते.

"बोलत राहा त्यांच्याशी," बाई काकांना म्हणाली. ते ओरडून बोलत राहिले. बाइंडिंगच्या कारखान्यात काय झालं, कोणती पुस्तकं आली, काय वाटेल ते.

"अहो, हळू बोला. सगळा जिना ऐकतोय," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तोही थांबला.

दलाच्या वहीत एवढंच लिहिलं गेलं: 'एक व्यक्ती अडकली.' पण त्यानंतर आणखी एक माणूस अडकला. त्याला माणसांनी अडकवलं.

वायर ग्रीसकाकानेच काढली, असं सेक्रेटरींनी पोलिसांना सांगितलं. पुरावा नव्हता. मग साध्या कपड्यांतला एक माणूस ग्रीसकाकाला मशीनच्या खोलीत घेऊन आला. "तपासणीच्या वहीत मागच्या सहा महिन्यांच्या सह्या करून टाक. मी सांभाळून घेतो."

"मी आलोच नाही, तर सही कशी करू?"

तीन दिवस तो नाही म्हणाला. चौथ्या दिवशी तो माणूस म्हणाला, "लेकीला बापाशिवाय ठेवायचंय का?" ग्रीसकाकाने सह्या केल्या. त्या माणसाने लगेच पोलिसाचं ओळखपत्र काढलं. खोटी सही करणारा वायरही कापतो, असं म्हणायला आता पोलीस मोकळे होते.

कोर्टात काय झालं, ते ग्रीसकाका नंतर मला तपासायला आला तेव्हा त्याने सांगितलं. न्यायाधीशांनी त्या पोलिसाला विचारलं, "तुम्ही गुन्हा पकडायला गेला होतात, की करवून घ्यायला?" मग बाइंडरकाका उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "वायर याने नाही काढली. हा नको म्हणत होता. आम्ही हात वर केले. माझाही होता." ग्रीसकाका सुटला.

मित्रांनो, मला आता तोडणार आहेत. जागी नवी लिफ्ट येईल. तिची घंटा खेळायला वाजवू नका. आणि कोणी खेळलं म्हणून मोठ्यांना ती तोडू देऊ नका. ठोकण्याचा आवाज आला तर सुतार असेल म्हणून पुढे जाऊ नका, थांबून विचारा. तुम्हाला दार उघडता येणार नाही, पण आतल्या माणसाला उत्तर तर मिळेल.

बाइंडरकाका रोज संध्याकाळी घरात शिरण्याआधी माझ्यासमोर थांबतात. सीलवर तळहात ठेवतात आणि दिवसभरात काय झालं ते सांगतात, अगदी हळू आवाजात. मग कान लावून उभे राहतात.