मंगळवारची उत्तरं

तपासणी येणार म्हटलं की आमचे मालक देव पाण्यात घालून बसतात. मी बसत नाही. बावीस वर्षं मी हे वृद्धांचं निवासगृह सांभाळते आहे आणि एकाही अधिकाऱ्याला आमच्या दप्तरात शेरा मारायला जागा सापडलेली नाही. चौदा खाटा, चौदा म्हातारी माणसं, चौदा तऱ्हा. सगळे मला मोठ्या ताई म्हणतात. पाठीमागे काही जण हवालदारीण म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

माझ्या कामाची रीत एकच, आदल्या दिवशी तयारी. उद्याच्या गोळ्या आज डब्यांत, उद्याच्या चादरी आज कपाटातून बाहेर, उद्याचे तक्ते आज आखून तयार. ऐनवेळी धावाधाव करणाऱ्या बाया मला डोळ्यांसमोर नको असतात.

तर यंदा नवा कायदा लागू झाला. मालक चाळीस छापील पानं घेऊन आले, तोंड एवढंसं झालेलं. "मोठ्या ताई, आता उगाच दाराला कुलूप घातलं तर केस थेट माझ्यावर. संस्थेवर नाही, माझ्यावर!"

ती पानं मी दुपारच्या चहाबरोबर वाचून काढली. म्हणणं सरळ होतं. केवळ नातेवाइकानं सही दिली म्हणून सज्ञान माणसाला कोंडून ठेवायचं नाही. त्याला बाहेर सोडायचं नसेल, तर तेवढा निर्णय घेण्याची समज त्याला उरलेली नाही हे आधी तपासायचं, लिहायचं आणि कागद अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. मुलाच्या हाती बापाचं पासबुक आलं म्हणून बापाच्या चपला त्याच्या ताब्यात जात नाहीत. कायद्यात शब्द वेगळे होते, अर्थ हाच.

"एवढंच ना?" मी मालकांना म्हटलं. "आठवड्यात उरकते."

आमच्याकडे या कायद्याचा खरा प्रश्न एकाच माणसाचा होता. ड्रायव्हरकाका. वय एकोणऐंशी, चौतीस वर्षं शहरातली बस चालवलेले. रोज सकाळी दहाला अंघोळ, गुळगुळीत दाढी, शर्ट खोचलेला, पायात बूट, असे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "मोठ्या ताई, दार."

"मुलानं नाही म्हटलंय, काका."

मग पॅसेजमधल्या खुर्चीवर बसायचे, बुटांसकट, जेवणाची घंटा होईपर्यंत. आठ महिने हे रोज चाललं होतं. मी मान वर न करता "नाही म्हटलंय" म्हणायला शिकले होते.

मुलगा वाईट नव्हता. दर रविवारी यायचा, बापाची नखं स्वतः कापायचा. पण इथे आणण्यापूर्वी एकदा काका घरातून निघून गेले होते आणि तीन तास सापडले नव्हते. त्या तीन तासांत मुलानं चार दवाखाने पालथे घातले. ते त्याच्या मनातून जात नव्हतं. नव्या कायद्याचं कळल्याबरोबर त्यानं शहराबाहेरच्या एका संस्थेत चौकशी केली. तिथे बंद विभाग होता, उंच भिंतीचा, फक्त ज्यांना समज उरलेली नाही अशांसाठी. आमच्या तपासणीत काकांना समज नाही असं ठरलं, तर येत्या शनिवारी त्यांची रवानगी तिकडे होणार होती. तिथून पॅसेजमधल्या खुर्चीवर सुद्धा येता येत नाही, सकाळचा चहाही दाराच्या फटीतून मिळतो, असं आमची धाकटी सिस्टर कुठून तरी ऐकून आली होती.

मी पाच प्रश्न काढले. आज वार कोणता, तारीख काय, सकाळी नाश्त्याला काय होतं, आज ड्यूटीवर सिस्टर कोण, आणि काल गच्चीवर बसायला नेलं होतं का. खरं तर कायद्यात लिहिलं होतं की ज्या निर्णयाचा प्रश्न आहे त्याबद्दलच त्या माणसाशी बोला. ते पान मी वाचलं होतं. पण चौदा जणांशी चौदा विषयांवर गप्पा मारत कोण बसणार? पाच प्रश्न सगळ्यांना सारखे, म्हणजे न्याय सारखा, असं मी ठरवून टाकलं. आणि माझ्या रिवाजाप्रमाणे रविवारीच सोमवारची बरोबर उत्तरं एका कागदावर लिहून ठेवली. धाकटीनं विचारायचं आणि उत्तरं लिहायची. तपासायचं मी.

धाकटी सोमवारी सगळ्यांकडे फिरली. काका तेवढे म्हणाले, "आज दाढीचं ब्लेड संपलंय. परीक्षेला मी असा बसत नाही." मग त्यांचं नंतर उरकलं. बुधवारी मी चष्मा पुसून चौदाच्या चौदा कागद पुढ्यात घेतले आणि लाल पेनानं वीस मिनिटांत हातावेगळे केले. कुणाला तीन, कुणाला चार. ड्रायव्हरकाकांना शून्य.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. माणूस वरून इतका नीटनेटका आणि आतून पार रिता झालेला. म्हटलं, बरं झालं मुलाचं ऐकलं. मी खाली सही केली आणि शिक्का मारला.

शुक्रवारी तपासणी अधिकारी आल्या. पाठीला सॅक, पायात सपाट चपला, चहा नको, पाणी चालेल. ऑफिसात आम्ही चौघं होतो. त्या, मालक, काकांचा मुलगा आणि मी. त्यांनी तेरा कागद शांतपणे उलटले. चौदाव्यावर थांबल्या.

"शून्य?"

"मी सांगतच होतो," मुलगा खाली मान घालून म्हणाला. जिंकल्यासारखा नाही, हरल्यासारखा म्हणाला.

"उत्तरं मोठ्यानं वाचा," अधिकारी मला म्हणाल्या. "घरच्यांना ऐकवायची असतात. मग मी सही करते."

मी कागद हातात घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "आज वार कोणता? मंगळवार. नाश्त्याला काय होतं? उकडलेलं अंडं, आतून कच्चं. ड्यूटीवर कोण? ती उंच, सारखी शिंकणारी..."

आणि तिथेच मी अडखळले.

शिंकणारी सिस्टर आमच्याकडे आठवड्यातून एकच दिवस येते, मंगळवारी. सोमवारी नाश्त्याला पाव आणि जॅम असतो. अंडी मंगळवारी. आणि त्या मंगळवारी ती कच्ची राहिली होती, त्यावरून मीच स्वयंपाकघरात जाऊन आरडाओरडा केला होता. मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. धाकटीनं बारीक अक्षरात तारीख घातली होती. मंगळवारची. काकांनी परीक्षा मंगळवारी दिली होती आणि मी ती सोमवारच्या उत्तरांनी तपासली होती.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. मालकांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं. बावीस वर्षांचं कोरं दप्तर, वर मुलाचीही तीच इच्छा. मला बोलायला सांगणारं तिथे कुणीही नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "सही करू नका. हा कागद चुकलाय."

टेबलाखाली मालकांचा बूट माझ्या पायावर आला. मी पाय काढून घेतला आणि सगळं सांगितलं. रविवारी लिहिलेली उत्तरं, संपलेलं ब्लेड, कच्चं अंडं, सगळं. "काकांना शून्य नाही, पाचपैकी पाच आहेत," मी म्हटलं. "शून्य मला आहे." असं चारचौघांत म्हणावं लागलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

अधिकाऱ्यांनी टोपण परत लावलं. "आणि हे पाच प्रश्न बरोबर आले असते किंवा चुकले असते," त्या म्हणाल्या, "तरी त्यावरून बाहेर जायचं कसं ठरवणार होता तुम्ही?"

कायद्यातलं ते पान मला आठवलं, वाचून बाजूला ठेवलेलं.

मुलगा मात्र भडकला. "म्हणजे वार बरोबर सांगितला की झालं का? तीन तास हरवले होते ते! तीन तास मी काय काढलेत ते तुमच्या कायद्याला ठाऊक आहे?"

"त्यांनाच बोलवा," अधिकारी म्हणाल्या.

काकांना बोलवायला लांब जावं लागलं नाही. दहा वाजून गेले होते, पॅसेजमध्ये बुटांसकट बसलेच होते. आत आले, उभेच राहिले. मी त्यांना तोंडावर सांगितलं की काका, माझी चूक झाली, मी तुमची उत्तरं दुसऱ्याच दिवसाशी ताडून पाहिली.

काकांनी जरा विचार केला. "म्हणजे मंगळवारी मंगळवार म्हणालो, म्हणून मला खुळ्यात काढलं?"

"हो, काका."

"बरं झालं बुधवारी नाही विचारलंत," ते म्हणाले. "त्या दिवशी जुलाब होत होते. काय बोललो असतो देव जाणे."

अधिकारी हसल्या नाहीत, पण त्यांनी स्वतःची खुर्ची काकांना दिली आणि आपण स्टुलावर बसल्या. "कुठे जायचंय तुम्हाला?"

"बसमध्ये. या फाटकापुढून जाते ती. शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत."

"कशासाठी?"

"चौतीस वर्षं समोर बघून चालवली बाई. नजर हलवली की कुणीतरी चाकाखाली. दुकानं, घरं, माणसं, सगळं बाजूनं गेलं. मला खिडकीला बसायचंय."

"धोका काय आहे, माहीत आहे?"

"चढताना आहे. डावा गुडघा दगा देतो. म्हणून अकराची गाडी, ती रिकामी असते. दांडी उजव्या हातानं धरायची, आधी चांगला पाय टाकायचा. खिशात पत्ता, फोन. नाहीच कळलं तर ड्रायव्हरला विचारीन, तो काय परका आहे?"

"आणि पडलात तर?"

"पडेन. इथे बाथरूममध्ये पडलोच की जूनमध्ये. तेव्हा कुणी सही मागितली नव्हती."

ते खरं होतं. त्या बाथरूमचा अहवाल मीच लिहिला होता.

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही त्या दिवशी हरवला होतात."

"कोण हरवलं होतं?" काका त्याच्याकडे वळले. "शेवटच्या थांब्यावर गेलो, जुन्या कॅन्टीनमध्ये चहा प्यायलो. येताना गाडी पंक्चर. दुसरी यायला दीड तास. मला रस्ता पाठ होता रे. घरी आलो तर तू रडत होतास, म्हणून मी गप्प बसलो. तुला वाटलं मला आठवत नाही. तू विचारलंस का एकदा तरी?"

मुलानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल हातातच धरून बसला. मग म्हणाला, "मी येऊ का बरोबर? निदान पहिल्यांदा?"

"ये की," काका म्हणाले. "पुढच्या गाडीनं ये."

आता मात्र अधिकारी हसल्या. त्यांनी नवा कागद घेतला आणि काकांचे शब्द काकांना विचारून जसेच्या तसे लिहिले. माझ्या दप्तरात त्यांनी शेरा मारला, चार ओळींचा. मी तो वाचला आणि खाली सही केली. तेराच्या तेरा जणांशी नव्यानं बोलायचं होतं, एकेकाशी, त्याच्या त्याच्या विषयावर. "किती दिवस लागतील?" मालकांनी घाबरत विचारलं. "लागतील तितके," मी म्हटलं. "मी करीन आणि नीट करीन."

शनिवारी, बंद विभागात जायच्या दिवशी, काका दहाला माझ्या टेबलापाशी आले. "मोठ्या ताई, दार." मी किल्ली फिरवली. त्यांनी मागे न बघता फाटक गाठलं. मुलगा आधीच येऊन उभा होता. तो आणि मी फाटकाच्या आतच, गजांपाशी थांबलो, कारण कुणी सोबत नको असं काकांनी लिहवून घेतलं होतं.

तासाभरानं अकराची गाडी आली. काकांनी उजव्या हातानं दांडी धरली, चांगला पाय पायरीवर ठेवला. डावा वर येताना गुडघा लटपटला. मुलगा पुढे झेपावला आणि मी त्याची बाही गच्च पकडली. माझे स्वतःचे हात त्यांना धरायला शिवशिवत होते, म्हणूनच बहुधा इतकी गच्च पकडली. काका क्षणभर तसेच लोंबकळले, मग चढले.

मुलानं निरोपाचा हात वर केला. पण आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या रिकाम्या होत्या. काका पलीकडच्या खिडकीला जाऊन बसले होते, आमच्याकडे पाठ करून, काचेला नाक लावून. गाडी हलली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे," मुलगा म्हणाला. रडत होता आणि हसतही होता. हात अजून वरच होता.